चावी सगळ्यात शेवटी

दिवाळे गावच्या जेटीवर मी पोचलो तेव्हा नाखव्यांचा धाकटा मुलगा नवी बॅटरी खांद्यावर घेऊन होडीत चढत होता. जोडीची दुसरी आधीच खाली इंजिनरूममध्ये उतरवलेली. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "काका, बरोबर टायमाला आलात. वायरी जोडतो आणि एक स्टार्टर मारून बघतो. बोललं तर बोललं."

मी त्याला बसवलं. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर चावी काढून माझ्या खिशात टाकली. पुढचे नऊ आठवडे ती माझ्याच खिशात होती.

होडी चाळीस फुटी, लाकडी. आत सहा सिलिंडरचं लेलँड इंजिन. तीन वर्षांपूर्वी नाखव्यांचं डावं अंग गेलं आणि त्या दिवसापासून ती बेलापूरच्या खाडीत गाळात बसलेली. भरतीला उचलायची, सुकतीला टेकायची, एवढीच काय ती हालचाल. मुलगा महापेला कंपनीत शिफ्ट करायचा. या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि ठरवलं की १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठली की होडी बाहेर काढायची. त्याची आई माझी नेहमीची मासळीवाली. मी सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता नेरूळला घरी असतो, हे तिला ठाऊक. "पोराला जरा बघून द्या," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी पापलेटचे पैसे घेतले नाहीत, तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता की काम मोठं आहे.

चावी का काढून घेतली, तर त्यामागे माझी जुनी जखम आहे. थर्ड इंजिनिअर होतो. आमचं जहाज सात महिने नांगरावर उभं होतं आणि मी एका सकाळी इमर्जन्सी जनरेटरचं बटण दाबलं. "धप्" असा एकच आवाज आला. एक्झॉस्टच्या तोंडावरचं झाकण गंजून पडलं होतं, पावसाचं पाणी आत उतरलं होतं आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता त्यात जाऊन बसलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर आपटला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. चीफ इंजिनिअर मला एक शब्द बोलले नाहीत. तो वाकडा रॉड मात्र त्यांनी कंट्रोल रूमच्या टेबलावर ठेवला आणि माझं काँट्रॅक्ट संपेपर्यंत तिथून हलू दिला नाही. रोज सकाळचा चहा मी त्याच्याकडे बघत प्यायलो.

तेव्हापासून बंद मशिनच्या बाबतीत मी भित्रा आहे, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. चालू इंजिन झिजतं. बंद इंजिन सडतं, आणि सडताना आवाज करत नाही. चालत्या इंजिनात सगळीकडे तेलाचा पातळ थर फिरता असतो. बंद केलं की तो हळूहळू खाली ओघळतो आणि लोखंड उघडं पडतं. सहा सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबो, कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि तो सिलिंडर मग खाडीची हवा ओढत बसतो. मोठी जहाजं जेव्हा दीर्घ काळ उभी करतात तेव्हा इंजिनरूममधली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या आत ठेवायला यंत्रं लावतात, कारण पन्नाशीच्या खाली लोखंड फारसं गंजत नाही. आपल्याकडे जुलैत घरातलं मीठ ओलं होतं. खाडीतल्या होडीचं काय होत असेल ते सांगायला नको.

पहिल्या दिवशी मी पान्याला हातच लावला नाही. बॅटरी, वही आणि नाक. (बॅटरी म्हणजे टॉर्च. ती दुसरी तर मी जोडूच दिली नव्हती.) मुलगा कंटाळला. गावातलेच एक इंजिन मेस्त्री त्याने मदतीला धरले होते, तेही जरा लांब उभे राहून माझी गंमत बघत होते. मी मात्र प्रत्येक होज दाबून पाहिला. वरून धडधाकट दिसणारे दोन होज दाबल्यावर कुरकुरले, म्हणजे आतून चिरलेले. उंदरांनी स्टार्टरच्या वायरीवर जेवण केलं होतं. गिअरबॉक्सच्या अंगावर हातभर उंचीला एक काळी तेलकट रेघ होती, अगदी पट्टीने मारल्यासारखी. कधीतरी तळातलं पाणी तिथपर्यंत चढून आलं होतं आणि कोणीतरी ते उपसलं होतं. कोणी, कधी, कोणाला आठवेना. पण स्टार्टर मोटर त्या रेघेच्या खाली होती, म्हणून वहीत तिच्यापुढे फुली मारली.

मग तेलाची पट्टी काढली. मुलगा खूश. "बघा, ऑइल तर भरपूर आहे! खुणेच्या वर."

तिथेच मला धोका दिसला. उभ्या इंजिनात तेल कमी होईल, एक वेळ तेवढंच राहील. वाढणार कुठून? इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरचा नट जपून सैल केला. आधी पाणी आलं. तपकिरी, गंजाचं, डबाभर. मग काळं तेल. मेस्त्री तेव्हा दोन पावलं जवळ आले.

गिअरबॉक्सचं तेल दिसायला स्वच्छ होतं, पण दिसण्यावर जाऊ नये. त्याच्या आईकडून जुना तवा मागवला, स्टोव्हवर तापवला आणि त्यावर तेलाचे दोन थेंब टाकले. तेलात पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. नाही तडतडलं, नुसता धूर आला. गिअरबॉक्स त्या दिवसापुरती सुटली. तवा मात्र पुन्हा घरात घेतला गेला नाही.

पाणी आलं कुठून, हा प्रश्न मी घरी नेला. दुसऱ्या दिवशी वर चढून सायलेन्सरचं तोंड पाहिलं. नाखव्यांनी आजारी पडण्याआधी त्यावर वनस्पती तुपाचा रिकामा डबा उपडा घातला होता. शहाणा माणूस. पण खाऱ्या हवेत पत्र्याचा डबा कितीसा टिकणार? त्याच्या बुडाला तळहाताएवढं भोक पडलं होतं. आठवड्यापूर्वीच अवकाळी पाऊस झाला होता. मला चीफच्या टेबलावरचा रॉड आठवला आणि पोटात गोळा आला.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी सहाही नोझल काढली. सिलिंडरमध्ये बारीक नळी सोडून मोठ्या सिरिंजने ओढून पाहिलं. पहिल्या चारांत काही नाही. सहाव्यात ओल. पाचव्यात पाणी, लालसर. मी ते काचेच्या पेल्यात ओतलं, अर्धा पेला भरला. मग मुलाला वहीवर हिशोब करायला लावला: सिलिंडर साधारण एक लिटरचा, दाबाचं प्रमाण सतरास एक, म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर जागा उरते साठ-सत्तर मिली. पेल्यात होतं शंभराच्या वर. त्याने आकडेमोड केली, पेल्याकडे बघितलं, मग नव्या बॅटऱ्यांकडे बघितलं. त्यानंतर त्याने चावी कधी मागितली नाही.

आता इंजिन हाताने फिरवायचं. पुढच्या पुलीच्या नटावर सॉकेट, सॉकेटला चार फुटी पाइप. मी आणि मेस्त्री दोघं लटकलो. जाम. पाचवा पिस्टन लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजाने धरून बसला होता, यात शंका नव्हती. मेस्त्रींनी लगेच जॅक लावायचा विचार बोलून दाखवला, वरून लाकूड ठेवून घणाचे दोन ठोके द्यायचाही. त्यांची चूक नाही. बंदरावर वेळ म्हणजे पैसा, आणि अशी इंजिनं त्यांनी सोडवलेली आहेत. पण जोर केला की पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि लायनरवर उभे ओरखडे पडतात. वाचू शकणारं इंजिन आपणच मारतो. मी म्हटलं, आपण त्याला भिजत घालू.

निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाटीभर. रोज संध्याकाळी यायचं, थोडं आणखी ओतायचं, पाइप लावायचा आणि आधी उलट, मग सुलट, असा नुसता ताण द्यायचा. हिसका नाही. मी सीवूड्सवरून चालत यायचो, मुलगा चहा आणायचा, आम्ही ताण द्यायचो, इंजिन ढिम्म. असे दहा दिवस. सातव्या-आठव्या दिवसापासून जेटीवरची पोरं "आजोबा, आज तरी उठली का?" म्हणून विचारायला लागली. मलाही रात्री वाटायचं की हट्ट करतोय. नाखवा घरी पडल्या पडल्या रोज एकच विचारायचे, "हललं?" आणि मुलाने मान हलवली की भिंतीकडे तोंड करायचे.

अकराव्या दिवशी उलट्या बाजूला ताण देताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. आवाज नव्हता. जुनं लोणच्याच्या बरणीचं झाकण सुटायच्या आधी जसं बोटांना कळतं, तसं काहीतरी. पुलीवर मी खडूने खूण केली होती. ती पाव इंच सरकली होती. मेस्त्रींनी खाली वाकून खात्री केली आणि पहिल्यांदाच मला "साहेब" म्हणाले. मग पाव इंच इकडे, पाव इंच तिकडे, अर्धा, एक. अंधार पडेपर्यंत पूर्ण फेरा बसला. तरीही दोन फेरे हळूहळू फिरवून घेतले, कारण पिस्टन सुटला तरी व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, आणि अडकलेल्या व्हॉल्व्हवर फेरा मारला की त्याला ढकलणारे पुशरॉड वाकतात. टॅपेटचं झाकण काढून मुलाला टॉर्च धरून बसवलं होतं. बाराही व्हॉल्व्ह एकेक करून खाली गेले आणि वर आले. सहाव्याचा एक जरा आळसावलेला होता, तेल सोडल्यावर तोही शुद्धीवर आला.

हेड उतरवल्यावर पाचव्या लायनरमध्ये, पिस्टन जिथे तीन वर्षं थांबला होता तिथे, तपकिरी कंकण उमटलेलं. त्यावरून नख फिरवलं तर नख अडकलं. माझा नियम साधा आहे: नुसता डाग असेल तर घासून बघू, नख अडकलं तर लायनर बदलायचा. बदलला. सहाव्यात नख अडकलं नाही, तो राहिला. खालचं चेंबरही काढलं. बेअरिंगच्या शेल्सवर बारीक खड्डे होते, देवीच्या व्रणांसारखे. वापरलेल्या तेलात जळणाचं आम्ल उतरलेलं असतं, त्यात पाणी मिळालं की बेअरिंगचा मऊ धातू ते निवांत खात बसतं. म्हणून मशिन ठेवून द्यायचं असेल तर ठेवायच्या आधी तेल बदलायचं असतं, परत काढताना नव्हे. हे मी मुलाला तीनदा सांगितलं. नाखवे कोसळले त्या दिवशी कोणाच्या डोक्यात तेल असणार, हेही मला कळतं.

डिझेल पंप आणि नोझल तुर्भे एमआयडीसीत कॅलिब्रेशनला दिले. पंपाचा डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकला होता, दोन नोझल बदलावी लागली. स्टार्टर आणि अल्टरनेटर वाइंडिंगवाल्याकडे. इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या हीट एक्सचेंजरच्या नळ्या साफ करून दाबावर तपासल्या, एक गळत होती ती दोन्ही टोकांना बुजवली. समुद्राच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक काढलं तर त्याची पाती एकाच बाजूला दुमडून तशीच कडक झालेली, थंडीने आखडलेल्या बोटांसारखी. असं चाक फिरतं, पाणी मात्र ओढत नाही. एखादं पातं तुटून पुढे नळीत अडकतं ते वेगळंच. ते न बघताच बदलायचं असतं, तरी लोक बघतात. कागदपत्रांचं, लायसन्सचं सगळं मुलाने केलं. त्याचं अनुभवकथन त्यानेच कधीतरी लिहावं, माझ्यापेक्षा मोठं होईल.

डिझेलची टाकी सांगायलाच हवी. तळाला पाणी आणि पाण्याच्या वर काळा बुळबुळीत थर. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांची ती साय. तिने फिल्टर चोंदतो. टाकी रिकामी करून धुतली, हे सगळे करतात. पण टाकीला हवा घेण्यासाठी वर एक वाकडी नळी असते. तिच्यात सहज तार घातली तर तार अडली. आत कुंभारमाशीचं घर. मातीचं, पक्कं, आतून नीट लिंपलेलं. समजा सगळं इंजिन नवं करून आम्ही हे पाहिलं नसतं तर? इंजिन जेटीवर झकास चाललं असतं. मग जसजसं डिझेल कमी होत गेलं असतं तसतशी टाकीत पोकळी झाली असती, आणि तासा-दीड तासाने, खाडीच्या तोंडाशी, पाण्याचा करंट जोरात असताना ते दम कोंडून बंद पडलं असतं. मातीचा तो गोळा मुलाने काडेपेटीत घालून ठेवलाय.

एवढं झाल्यावर माझा जरा गर्व वाढला होता. वहीत शाफ्टपुढे मी पहिल्याच दिवशी "ठीक" लिहिलं होतं. इंजिनचा जोर मागच्या पंख्याला पोचवणारा स्टेनलेसचा दोन इंची शाफ्ट. गिअरबॉक्सकडचं कपलिंग आणि होडीच्या बुडातून शाफ्ट बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ग्लँड, यांच्या मधला भाग पुसला की आरशासारखा. हाताने फिरतोय, वाकलेला नाही. आणखी काय बघायचं? मागे होडी ढकलणारा पंखाही ठीक वाटत होता. त्यावर हातोडीने हलकेच वाजवून पाहिलं होतं, "ठण्ण" असा लांब आवाज आला. पितळातलं जस्त निघून गेलं की तोच पंखा मडक्यासारखा "ठप्प" वाजतो.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नाखव्यांना भेटायला घरी गेलो. आजारापासून त्यांची जीभ जड झालीय, शब्द तोडून बोलतात. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शाफ्ट?"

"ठीक आहे."

"काढला?"

"नाही. चकचकीत आहे. स्टेनलेस आहे, नाखवा."

ते बराच वेळ थांबले. "ग्लँड गळायची. मी आवळली. डबल आवळली. मग नाय गळली." पुन्हा थांबले. "बारा वर्षं... कधी काढला नाय."

मला खाडकन थोबाडीत बसल्यासारखं झालं. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावर हवेतल्या प्राणवायूने धरलेल्या अदृश्य पापुद्र्यामुळे. ग्लँडमधून पाणी थेंब थेंब येत राहिलं तर ते पाणी खेळतं राहतं. ग्लँड दाबून आवळली, वर होडीही उभी, तर ग्लँडमध्ये भरलेल्या डोरीखाली तेच खारं पाणी महिनोन्महिने कोंडून राहतं. त्यातला प्राणवायू संपतो, पापुद्रा जातो आणि मीठ आपलं काम सुरू करतं. म्हणजे उघडा भाग आरशासारखा आणि झाकलेला भाग कुजका, असं होऊ शकतं. हे मला पाठ होतं. पाठ असूनही मी "ठीक" लिहिलं, कारण शाफ्ट काढणं त्रासाचं होतं. वहीतला तो शब्द मी खोडला नाही, तसाच ठेवलाय.

शाफ्ट काढायचा म्हणजे होडी कोरड्यात हवी. उरणजवळच्या करंजाला नेऊन वर ओढून घ्यावी असं मेस्त्रींचं मत होतं, पण टोइंग, रांग, भाडं, हे सगळं परवडणारं नव्हतं. मग वैशाखातली अमावास्या धरली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब इथल्या बायकांनाही तोंडपाठ. अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे सुकती सकाळी सहाच्या सुमाराला आणि पाणी सगळ्यात खाली. होडी आदल्या रात्रीच्या भरतीला कडेला घेतली, दोन्ही अंगांना टेकू दिले आणि पहाटे चारला आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. आमच्याकडे फार तर चार तास होते. आधी सुकाणू उतरवलं, कारण त्याशिवाय शाफ्ट मागे निघत नाही. पंख्याचा नट बारा वर्षांचा, तो निघायलाच तास गेला. मग कपलिंग सोडलं, ग्लँडची डोरी हुकाने ओढून काढली. ती सुतळीसारखी तुकड्यातुकड्यांनी आली. आणि सहा जणांनी शाफ्ट मागे ओढला. तो बाहेर आला त्या क्षणी होडीच्या बुडाला दोन इंची आरपार भोक होतं आणि पाणी वळायच्या बेतात होतं. मेस्त्रींनी आदल्या दिवशीच सागाची खुंटी तासून, तिला चरबी लावून तयार ठेवली होती. ती त्यांनी बाहेरून ठोकली, आतून मी गोणपाट कोंबलं. सव्वाआठला पाणी आमच्या पोटरीला लागलं. खुंटीने थेंब घेतला नाही.

शाफ्ट जेटीवर दोन लाकडांवर ठेवून गोड्या पाण्याने धुतला. जिथे डोरी बसत होती तेवढ्याच चार बोटांच्या पट्ट्यात खड्डे होते. काही इतके खोल की त्यात तुरीच्या डाळीचा दाणा बसावा. बाजूला, दोन इंचांवर, आरसा. मुलगा म्हणाला, "वेल्डिंगने भरून लेथवर फिरवून घेऊ या." मी म्हटलं, थांब. न दिसणाऱ्या चिरा शोधायला जहाजावर वापरतो तो लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचा स्प्रे मी आणला होता. पट्टा नीट साफ करून लाल मारला, दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला, पुसून काढला, मग वरून पांढरा उडवला. पांढरा वाळून खडूसारखा झाला. आम्ही चौघं वाकून बघत होतो. आधी खड्ड्यांच्या जागी लाल ठिपके फुटले, ते अपेक्षितच होतं. मग दोन ठिपक्यांच्या मधून एक केसाएवढी रेघ उमटायला लागली. अगदी सावकाश. ती एका ठिपक्यातून निघाली, दुसऱ्याला भेटली आणि तिथे न थांबता पुढे वळली. मुलाने रेघेवर बोट ठेवलं, बोट लाल झालं.

तिथून शाफ्ट तुटला तर मागचा तुकडा पंख्यासकट मागे सरकतो आणि जिथे ग्लँड होती तिथून पाणी आत येतं. कुठे, तर भर समुद्रात, जाळं टाकलेलं असताना. वेल्डिंगचा विषय पुन्हा निघाला नाही. कळंबोलीच्या लोखंड मार्केटमधून तीनशे सोळा ग्रेडच्या स्टेनलेसचा बार आणला. तीनशे चारपेक्षा महाग, पण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मिठापुढे जास्त तग धरतो. तुर्भ्याला लेथवर निमुळतं टोक आणि पंखा शाफ्टवर पक्का धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच करून घेतली. पुढच्या पौर्णिमेच्या सुकतीला तो बसवला, नव्या डोरीसकट, गंज स्वतःवर ओढून घेणाऱ्या नव्या जस्ताच्या पट्ट्यांसकट. जुन्या पट्ट्यांचे सुपारीएवढे गोळे उरले होते.

जुलैच्या मध्याला, उधाणाच्या भरतीवर, होडी दोरखंडांनी जेटीला बांधून चावी खिशातून काढली. पाऊस धरलेला होता. नाखव्यांना खुर्चीतून आणलं होतं, डोक्यावर छत्री धरून नाखवीण मागे उभी. इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी मी मेस्त्रींना प्लायचा तुकडा आणि ओलं पोतं देऊन बसवलं. सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल थोडं जरी वर राहिलं असेल तर इंजिन त्यावरच पळत सुटतं, मग डिझेल बंद करून थांबत नाही, हवाच कोंडावी लागते. आधी डिझेल तोडणारा स्टॉप लिव्हर ओढून ठेवूनच स्टार्टर दिला. दहा सेकंद, मग थांबायचं. पुन्हा दहा. तिसऱ्या वेळी तेलाच्या प्रेशरचा काटा हलला. तेव्हा कुठे लिव्हर सोडला आणि चावी मुलाच्या हातात दिली.

पहिल्या फटक्याला नाही. दुसऱ्याला दोन सिलिंडर बोलले, पांढरा धूर, खोकला, तिसरा, मग सगळे. मेस्त्री पोतं घट्ट धरून होते, त्याची गरज लागली नाही. पाचेक मिनिटांत धूर विरला, प्रेशर साडेतीन किलोवर स्थिर, बाजूने समुद्राचं पाणी भसाभस पडायला लागलं. मी जेटीकडे बघितलं. नाखव्यांचे डोळे मिटलेले होते, डोकं जरा कललेलं. ऐकत होते.

अर्ध्या तासाने गिअर टाकला, दोर ताणले, पंख्याने गाळ उसळला. मुलगा खालून ओरडत वर आला. "काका, ग्लँड गळतेय!" हातात पाना घेऊनच आला होता.

मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला.

"गळू दे."

मुलगा थांबला. "पण बाबा..."

"मोज."

तो पाना ठेवून खाली गेला. मी घड्याळ लावलं. मिनिटभराने इंजिनच्या आवाजापेक्षा मोठ्याने त्याने आकडा ओरडून सांगितला. आठ थेंब. वहीत मी शाफ्टच्या रकान्यात, न खोडलेल्या त्या "ठीक"च्या शेजारी, आठ लिहिलं.